क्लिफ लॅग्डनची पाटी

हॅडलबर्न गाव गेल्या दहा-बारा वर्षांत असं काही फुगलं, की गावाची माहिती जुन्या माणसांपेक्षा नव्यांनाच जास्त असायला लागली. जुन्यांना सगळं ठाऊक होतं, पण त्यांना कुणी विचारत नसे. नव्यांना विचारायची आणि सांगायची हौस दांडगी. वीटभट्ट्यांच्या जागेवर चार हजार घरं उठली, रोज लंडनला जाऊन-येऊन नोकरी करणारी माणसं त्यांत राहायला आली, आणि आपण नेमके कुठे येऊन पडलो आहोत याचा शोध घ्यायला लागली. गावातल्या बूट कारखान्यात एकदा सर्कशीच्या हत्तीसाठी चार बूट शिवले होते. चर्चच्या घड्याळाला गिरणीकडच्या बाजूला तबकडीच नाही, कारण गिरणीवाल्याचं आणि तेव्हाच्या पाद्र्याचं पटत नव्हतं. असल्या गोष्टी.

या सगळ्याचा कारभारी म्हणजे गॅरेथ प्रॉसर. माणूस मूळचा वेल्सचा, हॅडलबर्नला येऊन चार वर्षं झालेली, पण गावाचं वेड जन्मापासून असल्यासारखं. इंटरनेटवर तो ‘हॅडलबर्न : तुम्हाला माहीत आहे का?’ या नावाचं पान चालवायचा आणि दर गुरुवारी संध्याकाळी व्हीटशीफ पबमध्ये प्रश्नमंजूषा घ्यायचा. मार्च महिन्यात वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे चाळताना त्याच्या हाती एक फोटो लागला.

फोटो १९६८ सालचा होता. लंडन रस्त्यावर गावाच्या तोंडाशी नवी कोरी पाटी उभी आहे : ‘हॅडलबर्न. बाजाराचं गाव. सन १९२७ पासून.’ शेजारी शिडीला टेकून एक तरुण रंगारी उभा आहे, हातात ब्रश, आणि तोंडभर हसतो आहे. खरं साल १२९७. राजानं बाजाराची सनद दिली ते. मधल्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली आणि पावणेसातशे वर्षांचं गाव एकेचाळीस वर्षांचं होऊन बसलं.

गॅरेथनं फोटो पानावर टाकला आणि खाली लिहिलं : ‘आमचं गाव. माझ्या आजीहून धाकटं.’

आठवड्याभरात तो फोटो गावभर झाला. नव्या लोकांना तो फारच आवडला. हजार वर्षांच्या चर्चपुढे त्यांना नाही म्हटलं तरी परक्यासारखं वाटायचं; पण १९२७ सालचं गाव त्यांचं स्वतःचं होतं. रेल्वे पुलाखालच्या दारूभट्टीनं ‘१९२७’ नावाची बिअर काढली. पळणाऱ्यांच्या मंडळानं तोच आकडा बनियनवर छापला.

फोटोतला रंगारी म्हणजे क्लिफ लॅग्डन. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्याची बायको थेल्मा जुन्या गावात, मेथडिस्ट चॅपलच्या मागे, बेचाळीस नंबरच्या घरात एकटी राहायची. वय एकोणऐंशी. तिच्याकडे इंटरनेट नव्हतं, त्यामुळे तिला ही बातमी मुलीनं, वेंडीनं, फोनवर दिली.

“आई, बाबा गाजताहेत,” वेंडी म्हणाली. “सगळं गाव बाबांबद्दल बोलतंय.”

“काय बोलतंय?”

“अगं, ती पाटी. सत्तावीसची. लोकांना भयंकर आवडलीय.”

थेल्मा बटाटे सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली. पुढे वेंडी काय काय सांगत होती ते तिच्या कानांत शिरत होतं, पण आत पोचत नव्हतं. शेवटचं तेवढं पोचलं : गॅरेथ नावाचा माणूस शनिवारी तिला भेटायला येणार होता.

तो आला तेव्हा हातात त्यानं स्वतः केलेला लिंबाचा केक होता. दार उघडताच म्हणाला, “मिसेस लॅग्डन, तुमच्या घरात पाऊल टाकायला मिळतंय हाच माझा मान.” आणि हे तो मनापासून म्हणाला, हीच अडचण होती. थेल्माला त्याचा राग यावा असं त्यानं काहीच केलं नाही. बूट दाराशी काढले, चहाचा पहिला घोट घेऊन चहा छान झालाय म्हणाला, क्लिफचा फोटो भिंतीवर बघून दोन क्षण गप्प उभा राहिला.

मग त्यानं बेत सांगितला. वीटभट्टीवरच्या वसाहतीचे बिल्डर प्रवेशरस्त्यावर तीच पाटी पुन्हा उभारणार होते. जशीच्या तशी, १९२७ सकट. फोटोवरून अक्षरं उतरवून घेणार होते. खाली क्लिफची माहिती देणारा एक धातूचा फलक. पडदा थेल्मानं बाजूला करायचा.

“गावानं त्यांच्यावर इतकं प्रेम केलं,” गॅरेथ म्हणाला. “वेंडी सांगत होती, सगळे त्यांना सत्तावीस म्हणायचे.”

“म्हणायचे,” थेल्मा म्हणाली. “प्रेमानं नाही म्हणायचे.”

गॅरेथनं मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“त्यांच्या हातात ब्रश पुन्हा दिला नाही,” ती म्हणाली. “गटारांच्या कामावर घातलं. चौदा वर्षं.”

“आणि तरी ते हसत राहिले.”

“कोण म्हणालं?”

“फोटोत,” गॅरेथ म्हणाला, जरा चाचरत. “फोटोत हसताहेत ना.”

“फोटो काढला तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. फोटोवाल्यानं पाटीखाली उभं केलं, हसा म्हणाला, ते हसले. आपल्या अक्षराचं कौतुक होतंय असं वाटलं त्यांना.”

गॅरेथचं पेन वहीवर थांबलं. मग हळूच म्हणाला, “किती साधा माणूस असेल.” आणि तेही लिहून घेतलं.

थेल्माला वाटलं, आता सांगावं. तोंड उघडलंही. “त्यांची चूक नव्हती ती,” ती म्हणाली.

“अहो, चूक कसली. आम्ही कुणीच तिला चूक मानत नाही,” गॅरेथ म्हणाला आणि तिला केकचा आणखी एक तुकडा कापून दिला.

तो गेल्यावर ती बराच वेळ त्या तुकड्यासमोर बसून राहिली.

झालं होतं ते असं. १९६८ मध्ये थेल्मा गावच्या कौन्सिलच्या कचेरीत टंकलेखिका होती. लग्नाला दीड वर्ष झालेलं. क्लिफ कौन्सिलच्याच यार्डात रंगारी. बाकं, कठडे, दिव्याचे खांब रंगवायचा, पण त्याचा जीव अक्षरांत. त्याचे वडील जत्रेतल्या पाळण्यांवर आणि गाड्यांवर नावं रंगवायचे. त्यांच्याकडून तो शिकला होता. लंडन रस्त्यावर नवी पाटी लावायचं ठरलं तेव्हा महिनाभर तो जेवताना चमच्यानं टेबलावर ‘ह’ काढत बसायचा. कामाचा हुकूम कचेरीतून लेखी जायचा. मुख्य कारकून हार्बॉटल यानं मजकूर हातानं लिहून दिला, थेल्मानं तो टंकला, एक प्रत यार्डात गेली, कार्बनची प्रत फायलीत.

पाटी शुक्रवारी लागली. शनिवारी बाजारातले लोक हसत होते. सोमवारी वर्तमानपत्रात फोटो आला आणि हार्बॉटलनं क्लिफला बोलावून घेतलं. काचेच्या दारापलीकडे थेल्मा आपल्या टेबलाशी बसलेली. हार्बॉटलचा आवाज ऐकू येत होता. क्लिफ म्हणाला, “मी चुकीचं वाचलं, साहेब.”

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर थेल्मानं फाइल उघडून कार्बनची प्रत बघितली. १९२७. तिच्याच मशीनचा तिरका नऊ. हार्बॉटलच्या हातच्या कागदावर १२९७ स्वच्छ होतं. त्याच वर्षी तिला दोनदा चुकांसाठी लेखी समज मिळालेली होती; तिसऱ्यांदा घरीच बसवणार हे तिला सांगून ठेवलं होतं. तिनं ती प्रत फायलीतून काढली, घडी करून बाहीत घातली आणि घरी येऊन चुलीत टाकली.

क्लिफ संध्याकाळी आला. यार्डातली प्रत त्याच्याकडे असणार, ती त्यानं वाचूनच पाटी रंगवलेली, हे तिला माहीत होतं. त्यानं हात धुतले, किटली ठेवली. पाठमोराच म्हणाला, “मी चुकीचं वाचलं, थेल्मा.”

ती म्हणाली, “असू दे.”

बस, एवढंच. दोघांमध्ये त्याबद्दल याउपर एक अक्षर निघालं नाही. चव्वेचाळीस वर्षं ते एका टेबलाशी जेवले. पाटी महिन्याभरात उतरवली, साल दुरुस्त करून दुसऱ्या कुणाकडून रंगवून घेतली. पण नाव चिकटलं ते चिकटलंच. पबमध्ये सत्तावीस, बाजारात सत्तावीस, गटाराच्या झाकणावर वाकलेला असताना सायकलवरून जाणारी पोरंही सत्तावीस म्हणून ओरडून जायची. क्लिफ हात वर करायचा. पुढे पुढे त्यानं लिहिणंच सोडलं. वाढदिवसाच्या कार्डावर सुद्धा थेल्माच दोघांची नावं लिहायची. कितीदा तिला वाटलं, आज बोलावं. पण पहिल्या दिवशी जे ‘असू दे’ म्हटलं गेलं, ते दार असं काही बंद झालं, की पुन्हा ढकलायचा धीरच झाला नाही. आणि मग दवाखान्यात त्याच्या उशाशी बसली तेव्हा तो इतका थकलेला होता, की आता सांगणं म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

पाटीचा कार्यक्रम मे महिन्यात होता. आठ दिवस आधी वेंडी जेवायला आली. तिचं घर वीटभट्टीच्या नव्या वसाहतीतच होतं. ती कार्यक्रमाला कोण कोण येणार ते सांगत होती. थेल्मा मध्येच म्हणाली, “ती चूक माझी होती.”

“कुठली?”

“सालाची. मी टंकलं होतं तसं. बाबांनी फक्त कागदावरचं रंगवलं.”

वेंडीनं काटा ताटात ठेवला. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग म्हणाली, “बाबांना माहीत होतं?”

“हो.”

“आणि तू बोलली नाहीस.”

“नाही.”

“कधीच?”

थेल्मानं नुसती मान हलवली.

वेंडी उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. “मी अकरा वर्षांची असताना,” ती तिकडे बघतच म्हणाली, “या टेबलाशी बसून बाबांना म्हटलं होतं, सत्तावीस, मीठ दे. शाळेतल्या मुलींसमोर. त्या सगळ्या खिदळल्या. बाबांनी मीठ दिलं. तू इथंच होतीस.”

“होते.”

“मला एक चापट तरी मारायची होतीस.”

त्या दिवशी आपण काय करत होतो हे आठवायचा थेल्मा प्रयत्न करत होती. बहुतेक बटाटे वाढत होती.

जाताना वेंडीनं कोट घातला, दाराशी थांबली. तिचा आवाज मऊ झाला होता, आणि ते थेल्माला जास्त लागलं. “हे बघ आई. तिथं काही सांगू नकोस. लोक आता त्यांच्यावर खरंच प्रेम करताहेत. उशिरा का होईना. ते तरी राहू दे त्यांच्याकडे.”

“खोट्यासाठी प्रेम करताहेत.”

“मग काय झालं. आपण खऱ्यासाठी तरी कुठे केलं?”

शनिवारी सकाळी सोसाट्याचा वारा होता. नव्या वसाहतीच्या तोंडाशी दीडशे-दोनशे माणसं जमली होती. लहान मुलांच्या गाड्या, कुत्री, हातात बिअरचे कागदी पेले. पाटीवर हिरवं कापड बांधलेलं, ते वाऱ्यानं फडफडत होतं. गॅरेथनं थेल्माला हाताला धरून खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी घातली. भाषण केलं. मग तिच्या हातात दोरी दिली. कापड पडलं. टाळ्या झाल्या.

थेल्मानं वर बघितलं. आकडे फोटोवरून मोठे करून मशीननं कापलेले होते. क्लिफच्या नऊच्या आकड्याला शेवटी एक हलका झोका असायचा. तो कुठे नव्हता.

“मिसेस लॅग्डन, दोन शब्द?” गॅरेथनं माइक पुढे केला.

वेंडी पहिल्या रांगेत उभी होती. थेल्मानं तिच्याकडे बघितलं नाही. “माझ्या नवऱ्यानं चूक केली नाही,” ती म्हणाली. माइकमधून आपलाच आवाज मोठा होऊन आलेला ऐकून ती दचकली, पण थांबली नाही. “मी कौन्सिलमध्ये टंकलेखिका होते. आकडे मी उलटे टंकले. त्यांना कागदावर जे दिलं ते त्यांनी रंगवलं. साहेबांनी विचारलं तेव्हा माझं नाव घेतलं नाही. मी पण गप्प बसले. लोक त्यांना हसले ते माझ्यामुळे. एवढंच सांगायचं होतं.”

मग मागून एक बाई म्हणाली, “किती गोड.” आणि टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की तिला दुसऱ्यांदा काही बोलताच येईना. एका तरुण मुलीनं डोळे पुसले. गॅरेथनं माइक परत आपल्याकडे घेतला. “पंचावन्न वर्षांनी,” तो माइकमध्ये म्हणाला, “ही बाई अजून आपल्या नवऱ्याची पाठराखण करते आहे. याला म्हणतात संसार.”

“पाठराखण नाही,” थेल्मा म्हणाली. “खरं सांगतेय.” पण माइक आता त्याच्या हातात होता.

त्या संध्याकाळी वेंडीनं तिला फोनवर पानावरचं वाचून दाखवलं, कारण थेल्मानंच आग्रह धरला. निम्म्या लोकांनी लिहिलं होतं की म्हातारी नवऱ्यावरचा आळ आपल्यावर घेते आहे, अशी माणसं आता मिळत नाहीत. निम्म्यांनी लिहिलं होतं की खरं असेल तर आणखीच गोड, तिनं चूक केली आणि त्यानं झाकली, यावर बिअर काढायला हवी. कुणीही लिहिलं नव्हतं की वाईट झालं.

“मी गप्प राहा म्हटलं होतं,” वेंडी म्हणाली. मग जरा थांबून, “पण बरं झालं बोललीस. मी ऐकलं.”

सोमवारी थेल्मा बस पकडून कौन्सिलच्या नव्या इमारतीत गेली. काउंटरवर एक शांत स्वभावाची मुलगी होती. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि संगणकात शोधलं. जुनं कौन्सिल १९७४ मध्ये बंद झालं तेव्हा कागद जिल्ह्याच्या अभिलेखागारात गेले, ती म्हणाली. तिथं फोन लावून विचारलं. फाइल होती. हार्बॉटलच्या हातचा कागद होता. क्लिफचा लेखी जबाब होता, आपण आकडे चुकीचे वाचले असा, त्याच्याच अक्षरात. कार्बनची प्रत मात्र नव्हती.

“ती प्रत मी जाळली,” थेल्मा म्हणाली.

मुलीनं संगणकावरून नजर काढली. “म्हणजे आमच्याकडे जे आहे,” ती म्हणाली, “ते तुमच्या मिस्टरांचंच म्हणणं आहे. ते बदलता येत नाही आम्हाला. तुम्ही हवं तर तुमचं लिहून द्या, मी फायलीला जोडायला पाठवते.”

थेल्मानं तिथंच बसून लिहून दिलं. एक पान भरायला पाऊण तास लागला. मुलीनं त्यावर शिक्का मारला आणि तिला पाणी आणून दिलं.

निघताना तिला वाटलं, निदान ते नाव तरी पुसलं जावं. तिनं वेंडीकडून गॅरेथला निरोप धाडला, की फलकावरचं ‘सत्तावीस’ काढा, तेवढंच. गॅरेथ लगोलग घरी आला. “एवढं तर मी करतोच,” म्हणाला, आणि त्यानं खरोखरच खटपट केली. बिल्डरला तीन पत्रं लिहिली. पण फलक ओतून झालेला, सिमेंटमध्ये बसवलेला, आणि बिल्डरची माणसं म्हणाली की वसाहतीच्या माहितीपत्रकातही तोच मजकूर छापून गेला आहे. गॅरेथ परत आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. ‘गावकरी प्रेमानं त्यांना सत्तावीस म्हणत,’ असं फलकावर होतं, आणि ते वाक्य त्याचंच होतं.

“मी चांगल्याच हेतूनं लिहिलं होतं,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे,” थेल्मा म्हणाली. त्याला चहा दिला. दुसरं काय करणार?

त्यानंतरच्या गुरुवारी मात्र पबमध्ये प्रश्न आला : १९२७ ची चूक नक्की कुणाची, रंगाऱ्याची, टंकलेखिकेची की कारकुनाची? गॅरेथनं तो वगळायचा प्रयत्न केला होता, पण लोकांनीच मागणी केली. उत्तर बरोबर कुठलं यावरून दोन टेबलांत वाद झाला, तेव्हा दोघांनाही गुण देऊन टाकले. हे वेंडीनं सांगितलं. ती आता दर रविवारी यायला लागली होती. दोघी फारसं बोलत नसत. एकदा वेंडीनं जेवताना विचारलं, “बाबा अक्षर कसं काढायचे, आठवतंय तुला?” थेल्मानं चमचा घेऊन टेबलावर काढून दाखवायचा प्रयत्न केला. तिला नीट जमलं नाही.

ऑक्टोबरात थेल्माला डोळ्यांच्या तपासणीसाठी जावं लागायचं. चार नंबरची बस नव्या वसाहतीवरून वळसा घेऊन जाते. एका सकाळी तिच्या पुढच्या बाकावर एक तरुण आपल्या आईला घेऊन बसला होता. आई बहुधा पहिल्यांदाच त्याचं घर बघायला आलेली. पाटी आली तसं त्यानं काचेतून बोट दाखवलं आणि सगळी गोष्ट सांगितली. त्याच्या गोष्टीत रंगारी पिऊन आला होता, आणि बायकोनं कौन्सिलच्या पायऱ्यांवर उभं राहून चूक आपल्या अंगावर घेतली होती. आई हसली. मग तिचं लक्ष मागे बसलेल्या थेल्माकडे गेलं.

“तुम्ही इथल्याच का?”

“हो. इथलीच.”

“मग तुम्हाला माहीत असेल ही गोष्ट.”

थेल्मानं बाहेर बघितलं. पाटी मागे गेली होती, पुढे आणखी नवी घरं लागली होती, त्यांची कौलं चढवायचं काम चाललेलं.

“ऐकली आहे,” ती म्हणाली.

दवाखान्याचा थांबा जवळ आला. तिला उठायला वेळ लागतो म्हणून तिनं आधीच घंटी दाबली. त्या तरुणानं उठून तिची पिशवी धरली, तिला दारापर्यंत सांभाळून नेलं, आणि बस पूर्ण थांबेपर्यंत तिचा हात सोडला नाही.